साडूंची सकाळची वाट

परभणीत त्या काळी कारण नसताना पळणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू हा काही निवडून घेता येत नाही, सासऱ्यांनी दिला तसा गोड मानून घ्यावा लागतो. ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्याकडे माणूस पळताना दिसला तर लोक तीनच गोष्टी धरून चालत: मागे कुत्रं लागलंय, पुढे एसटी सुटलीय, नाहीतर घरात कुणाला विंचू चावलाय. आणि हे गृहस्थ, पाटबंधारे खात्यातले चांगले कायम नोकरीतले कारकून, माकडटोपी घालून, पायजमा घोट्याशी सुतळीने बांधून, पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून फटफटायच्या सुमाराला धापा टाकत निघायचे. एकदा ताडकळसकडून दूध घेऊन येणाऱ्या सायकलवाल्याने त्यांना मागून गाठलं आणि म्हणाला, "बसा सायेब, ष्टँडवर सोडतो. गाडी हलली नसंल आजून." साडू मान हलवून पळतच राहिले. त्याला वाटलं, माणूस संकोचतोय. त्याने जीव खाऊन सायकल हाणली आणि स्टँडवर जाऊन मानवतची गाडी यांच्यासाठी थांबवून धरली. साडू स्टँडसमोरून पळत आले, भरलेल्या गाडीकडे बघून नमस्कार केला आणि पळत पुढे गेले. तो कंडक्टर पुढे कित्येक दिवस त्यांना ओळख देत नव्हता.

कारण नसताना म्हणालो ते गावाच्या हिशेबाने. आम्हा घरच्यांना कारण चांगलं ठाऊक होतं. अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, दमा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी मोकळ्या हवेत चालवा, नाहीतर छाती आणखी धरेल; पण धूर-धुळीत नेलंत तर न नेलेलं बरं. आता परभणीत मोकळी हवा रोज एका जागी राहत असती तर प्रश्न नव्हता. दिवाळी झाली की जिनिंगमधून कापसाची तूस उडायची, थंडीत घरोघर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या चुली आणि बंब धुमसायचे, उन्हाळ्यात वीटभट्ट्या पेटायच्या आणि त्यातच तिखट कांडायचे दिवस आले की आख्खी गल्ली पदर नाकाला लावून फिरायची. स्टेशनातल्या कोळशाच्या इंजिनाचा धूर वेगळाच. काल साफ असलेली वाट आज साफ असेल याची कुणी हमी द्यावी? ती हमी साडूंनी घेतली होती. अक्का उठून चहा करीपर्यंत ते वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेडची वाट असं सगळीकडे थोडं थोडं पळून यायचे आणि जी वाट पसंत पडेल तिच्यावर मग अक्कांना घेऊन सावकाश चालायला जायचे. "चालत बघत बसलो तर निम्म्या गावाच्या चुली पेटत्यात," ते मला म्हणाले, "मग काय, राख बघायची?"

त्यांची वारं बघायची रीत मात्र खास खळ्यावरची होती. मूळचे शेतकरी. लहानपणी ज्वारी उपणताना मूठभर भुसा हातातून सोडून वारं कुठलं आहे ते बघायची सवय, ती सरकारी नोकरीतही सुटली नाही. सदऱ्याच्या खिशात कायम भुसा. चौकात थांबायचं, हात डोक्याच्या वर न्यायचा, मूठ सैल करायची आणि भुसा जिकडे जाईल त्याच्या उलट दिशेला नाक करून उभं राहायचं. मग निकाल. "जिंतूर नाका बाद. भट्टी रात्रीच लावली त्यांनी." एकदा कचेरीत मोठे साहेब तपासणीला आले असताना यांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि कालव्याच्या नकाशावर भुसा सांडला. साहेबांनी नकाशावर फुंकर मारली. साडूंनी तो भुसा कुठे गेला ते बघितलं आणि अभावितपणे म्हणाले, "पंख्याचं वारं धरू नका सायेब, ते खरं नसतंय."

शेजाऱ्यांशी त्यांचं भांडण असं कधी झालं नाही, पण वाटाघाटी चालायच्या. समोरच्या वकिलांनी बंब जरा उशिरा पेटवावा म्हणून त्यांनी वकिलांना गार पाण्याच्या आंघोळीचे फायदे इतके दिवस सांगितले की शेवटी वकिलांना पडसं झालं. मलाही त्यांनी सोडलं नाही. मी सकाळच्या झोपेचा भक्त. थंडीत रजई डोक्यावरून घेतलेला जीव असा उठवायचा म्हणजे पापच. पण ते खिडकीशी येऊन हलक्या आवाजात म्हणायचे, "पावणे, दोन वाटा तुमी बघा, दोन मी बघतो. तुमच्या मेहुनीचा सवाल हाय." मी गेलो की नाक्यावरच्या हॉटेलात चहा प्यायचो आणि येऊन ठोकून द्यायचो, वाट साफ आहे म्हणून. ते माझ्या तोंडाजवळ येऊन वास घ्यायचे आणि स्वतः पुन्हा पळत जायचे.

नवरा-बायकोने सकाळी बरोबर फिरणं तेव्हा लोकांना फार नवलाचं होतं. अक्कांना लाज वाटायची. मग साडू पुढे चालायचे, अक्का मागे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर. पण कान मागे. अक्कांचा श्वास जरा वाजला की ते बुटाची नाडी बांधायला खाली बसायचे. नाडी सुटलेली नसायची. अक्का पोचल्या, दम खाऊन झाला की उठायचे. बायकोला "दमलीस का" असं रस्त्यात विचारायची त्यांना चोरी वाटायची. मी हे पुष्कळदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी घरी येऊन आपल्या बायकोशी जरा बरं वागलोय.

एका पौषात सगळं अंगाशी आलं. त्या सकाळी दाट धुकं होतं. साडूंनी चौकात भुसा सोडला, तो सरळ त्यांच्या बुटांवर पडला. वारं पडलेलं. खळ्यावर वारं पडलं की उपणणं बंद, माणसं बाजूला बसून तंबाखू मळतात. साडूंच्या हाडात तेच मुरलेलं. वारंच नाही तर कुठला धूर कुठून येणार, असा त्यांनी हिशेब केला आणि त्या दिवशी पळायलाच गेले नाहीत. घरी येऊन अक्कांशी गप्पा मारत चहा प्याले, खुशीत होते. "आज सगळ्या वाटा आपल्याच," म्हणाले. गंगाखेडच्या वाटेने निघाले. वारं नव्हतं म्हणूनच रात्रभराचा सगळा धूर जमिनीलगत बसून होता आणि धुक्यात तो दिसत नव्हता. पुलाजवळ अक्कांना जी धाप लागली ती थांबेचना. साडूंनी त्यांना पाठुंगळी घेतलं, भर रस्त्यात, लोकांदेखत, आणि दवाखान्यापर्यंत पळत आले. मी पोचलो तेव्हा अक्कांच्या नाकाला नळी होती आणि साडू बाहेर भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "मी पळालो असतो तर कळलं असतं. एक दिवस बसलो, पावणे." मी नुसता त्यांच्याजवळ बसलो.

अक्का वाचल्या. आणि साडूंनी येलदरीची बदली मागितली. येलदरीला धरणावर बदली म्हणजे खात्यात शिक्षा समजली जाई. लोक तिथून सुटायला वशिले लावत. यांनी जायला वशिला लावला. साहेबांना वाटलं यांच्या हातून काहीतरी मोठी भानगड झाली आहे, त्यांनी गुपचूप चौकशीही केली. अक्का तर ऐकायलाच तयार नव्हत्या. "हवा चांगली हाय, कबूल. पर तिथं बोलायचं कुनाशी? माशांशी?" साडूंनी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

वर्षभराने आम्ही येलदरीला गेलो. सकाळी उठून बाहेर आलो तर समोर पाणीच पाणी, आणि हवा अशी की माझ्यासारख्यालाही लवकर उठल्याचं दुःख झालं नाही. साडू धरणाच्या भिंतीवर कठड्याशी शाल पांघरून उभे होते. पायात चपला. अक्का दूरवर चालल्या होत्या, मासे धरणाऱ्यांच्या दोन बायकांबरोबर, मोठमोठ्याने बोलत. चालता चालता बोलत होत्या. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"पळायचं सोडलं का?" मी विचारलं.

"आता कशापायी?" ते म्हणाले. "आन् खरं सांगू का, मला पळायचा लय कंटाळा. गुडघे दुखायचे."

मग ते पाण्याकडे वळले. म्हणाले, "ती बरी हाय, बिलकुल बरी. माज्याशिवाय जाती, येती. मी रोज पहाटं उठून बसतो, आन् मंग ध्यानात येतं, आपल्याला कुटं जायचं न्हाई."

ते सुखात होते, यात मला शंका नाही. त्यांनी मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी मला त्यांच्याकडे बघून गलबलून आलं. अक्का भिंतीच्या पार त्या टोकाला पोचल्या, बोलण्याच्या भरात होत्या, मागे वळून बघायचं त्यांना सुचलंही नाही. साडू मात्र, त्या बघतील तर दिसावा म्हणून, हात वर करून उभे राहिले.