मालतीताईंचा पत्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वीस वर्षं ज्यांच्यासोबत चहा प्यायलो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत सुरतेतल्या एका छोट्या मराठी दैनिकात मी उपसंपादक होतो. आम्ही सात जण, सातही पुरुष. पण वाचकांना वाटायचं, आमच्याकडे एक बाई आहे. दर रविवारी 'मालतीताईंशी हितगुज' हे सदर यायचं — सासूचा जाच, पोरीचं शिक्षण, नवऱ्याची दारू. मिशीला पीळ देत ते मी लिहायचो. वाचक बायका ताईंना भेटायला येत, म्हणून खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली होती आणि तिला चौटा बाजारातून आणलेली लेडीज पर्स अडकवली होती. ताई आत्ताच बाहेर गेल्या, असं सांगायचं ठरलेलं. सगळ्यांना गंमत वाटायची. मलाही.

रेखा नोकरी मागायला आली, तेव्हा संपादकांनी त्याच खुर्चीकडे बोट दाखवलं. एक बाई आहे की आमच्याकडे, दोन कशाला? रेखा बी. ए. झालेली, मूळची अमळनेरकडची. राहायला सुरतेतल्याच गोडादऱ्यात, वडील सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग युनिटात कापड रंगवायच्या कामाला. मी तिला जिन्यात गाठलं आणि म्हणालो, तू लिहून आण, मी बघतो. ती आणायची. मी छापायचो — मालतीताईंच्या नावानं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

मग ती पत्रं यायला लागली. पहिलं गोडादऱ्याहून, अहिराणीत. 'ताई, काल तू उनी व्हती, मन्हा हातनी भाकर खादी. मन्ही पोर आते शाळामा जास.' म्हणजे ताई तिच्या घरी येऊन भाकर खाऊन गेल्या होत्या. गोडादऱ्यात मी पाऊलही ठेवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पर्वत पाटिया भागातून दुसरं — ताई, तुमचा हात किती थंड होता हो. भर दुपारी मी त्या खुर्चीकडे बघायचो. पर्स हलायची. पंख्याच्या वाऱ्यानं — वाऱ्यानंच ना? मी खुर्चीकडे पाठ करून बसू लागलो, तर मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटे. जी बाई मी कागदावर बनवली, ती मला न विचारता हिंडत होती.

शेवटी रेखाला विचारलं. ती सहज म्हणाली, "सर, मीच जाते ना. रेखा म्हटलं की म्हणतात, घरात मोठं कुणी नाही का, त्यांना पाठव. मालतीताई म्हटलं की बसायला पाट देतात. अन् लिहिते तर मीच."

भीती जायला हवी होती. गेली नाही. ताई आणि मी, दोघांपैकी खोटं कोण, हे आता मला कळलं होतं.

— हे सगळं मी लांबवतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. सांगतो.

एके दिवशी रेखानं मोठी बातमी आणली. तिचे वडील होते त्याच युनिटात बायकांची शिफ्ट सुरू झाली की त्यांच्या खोलीला बाहेरून कुलूप लावत. बातमी रविवारी आली, मालतीताईंच्याच नावानं. संपादकांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

मंगळवारी दुपारी युनिटचा ठेकेदार आला. आवाज चढवला नाही. चहा प्यायला, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "मालतीबेन क्यां बेसे छे?" — कुठं बसतात म्हणून.

काय म्हणायचं होतं मला? दोनच शब्द. मालती मीच. मार बसेल ही भीती होतीच. पण खरं सांगू? त्या माणसासमोर, आपण बाईचं नाव लावतो हे सांगायची लाज वाटली. चार वर्षं त्या नावाचं कौतुक खाल्लं, तेव्हा नव्हती वाटली. मी पॅडचा कागद फाडला. त्यावर रेखाचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव, गोडादऱ्यातली गल्ली, घर नंबर. अक्षर सुबक काढलं. त्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि मला हात जोडले.

आठवड्याच्या आत वडिलांचं काम गेलं. मग त्यांच्या दारासमोर चार माणसं उभी राहू लागली. दिवसभर, काही न बोलता, दाराकडे बघत. शेजारणी बोलेनाशा झाल्या. महिन्याभरात त्यांनी घर आवरलं आणि गावाकडं जायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी रेखा ऑफिसात आली. वाळली होती. तिनं विचारलं, माझा पत्ता त्यांना कुणी दिला असेल? मी म्हणालो, तुझ्या गल्लीतलंच कुणीतरी असेल. तिनं मान हलवली. तिला ते पटलं.

जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. "सर, जपून राहा," म्हणाली. "छापलं तुम्ही, हे त्यांना कळलं तर तुमच्याही दारात उभे राहतील."

मी म्हणालो, माझी काळजी करू नकोस. अगदी मालतीताई लिहायच्या तशा मायेनं म्हणालो. ती जिना उतरून गेली, आणि मी रविवारचं सदर लिहायला बसलो.