आक्कांची जपानी सवत

निजामी गेल्यानंतर साऱ्या मराठवाड्यात तलवारीवर जीव टाकणारा एकच माणूस उरला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा नवरा. लातुरात भुसाराचं दुकान, कपाळावर विभूती, आणि इतका अहिंसक की झुरळ दिसलं तरी आक्कांना हाक मारणार. नाद मात्र जपानी सामुराई तलवारींचा! 'तलवारींचा' हे अनेकवचन त्यांचं. तलवार एकच होती. कंधारच्या एका म्हाताऱ्या हवालदारानं महायुद्धात ब्रह्मदेशातून ती आणली होती आणि त्याच्या सुना तिनं कडबा तोडत होत्या. साडूंनी त्यांना पैसे आणि वर नवा कोयता देऊन ती पदरात पाडून घेतली आणि पोत्यात गुंडाळून एसटीनं घरी आणली. बाकीचा संग्रह म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणाऱ्या नक्षीदार लोखंडी चकत्या, हैदराबादच्या जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या. त्यांना त्सुबा म्हणतात. पहिल्याच भेटीत मी "मोटारीचा वायसर का?" असं विचारलं आणि साडूंनी चहा येईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं.

एरवी ते बोलायला लागले की थांबत नसत. पण तलवार म्यानातून निघाली की ओठांत कागदाची घडी धरत. पात्यावर श्वासाची वाफ बसली तर गंज धरतो, जपानात असंच करतात म्हणे. मग कापसाच्या बोळ्यानं लवंगेचं तेल. तलवारीसाठी राखलेल्या त्या खोलीला कायम दाताच्या दवाखान्याचा वास यायचा. एकदा मूठ धरायचा मान मलाही मिळाला. मीही ऐटीत कागद ओठांत धरला आणि त्या वासानं अशी शिंक आली की कागद साडूंच्या अंगावर आणि बाकीचं सगळं पात्यावर. साडू शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमी आपलं लांबूनच बघत जावा."

आक्का येईल त्याला सांगत, "ही माझी सवत. उद्या घर पडलं तर हे आदी तिलाच उचलतेत बघा."

आणि खरंच तशी वेळ आली. भूकंपाच्या पहाटे मांडणीवरची भांडी कोसळली, भिंतीला चीर गेली. साडूंनी आक्कांना उचललं. अक्षरशः उचललं, आक्का वजनानं त्यांच्या दीडपट. गल्लीत आणून ठेवलं आणि धापा टाकत खाली बसले. आठवण झाली ती आक्कांनाच. "अवो, ती आत ऱ्हायली की!"

"ऱ्हाऊ दे," साडू म्हणाले. "तू हाईस न्हवं."

आमच्याकडचे नवरे असलं काही चारचौघांत बोलत नाहीत. पण उजाडलं, किल्लारीकडं गावंच्या गावं गाडली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि साडूंची चेष्टा करायचं गल्ली विसरून गेली. जमीन शांत झाल्यावर आक्का स्वतः आत गेल्या आणि तलवार पदरात गुंडाळून घेऊन आल्या. त्यानंतर 'सवत' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. जिन्याखालच्या जागासुद्धा पोरांना भाड्यानं गेल्या. आमच्या नांदेडात गल्लोगल्ली क्लास असताना मीही माझ्या चिरंजीवांना डॉक्टर करायला लातूरला घेऊन निघालो. डोळा अर्थात तलवारीच्या खोलीवर. "एका तलवारीला अख्खी खोली कशाला? कपाटावर ठेवू," मी म्हणालो. साडूंनी मान खाली घातली. "ठेवू की," एवढंच बोलले. मी जिंकल्याच्या आनंदात दुसरी भाकरी मागितली. ती वाढता वाढता आक्का म्हणाल्या, "लेकरू माझं हाय, माझ्या देवघरात झोपंल. ती खोली मातर देयाची न्हाई." मुलगा देवघरात शिकला. डॉक्टर झाला नाही, त्याचा दोष मी बरीच वर्षं लवंगेच्या वासाला दिला.

परवा बायकोला घेऊन लातूरला गेलो होतो. साडूंचे हात आता फार थरथरतात, चहाचा कपही धरवत नाही. मला वाटलं, तेलाचं काम आता आपल्याकडेच येणार. शिंक नको म्हणून नाकाला बांधायला धुतलेला रुमाल खिशात घेऊनच गेलो होतो. खोलीत आक्का मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर पातं, बोटांत बोळा, ओठांत कागदाची घडी. साडू खाटेवरून सांगत होते, "हळू. टोकाकडं हळू." आणि जन्मभर त्यांना सुनावत आलेल्या आक्का निमूट ऐकत होत्या. मला दारात बघून त्यांनी डोळ्यांनीच लांब उभं राहायला सांगितलं.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि तो धुतलेला रुमाल डोळ्यांच्या कामी आला. लवंगेचा वास फार उग्र असतो, असं मी बायकोला सांगितलं. तिनं ते खरं धरलं नाही.