कुंदाशी जुळणारा शब्द

मित्रांनो, आज आंधळगावात आमच्या शेतात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला. दरवर्षी रोवताना बायकांची गाणी कुंदावहिनी सुरू करायची. उन्हाळ्यात ती तापानं गेली.

तिची जाऊ विमलवहिनी मला म्हणाली, "तुमी गाणे लिहिता नं भाऊजी? कुंदाचं गाणं करून द्या. नाव ओळीच्या शेवटी ठेवजा, म्हंजे सगळ्या मोठ्यानं म्हणतीन."

मी बांधावर बसलो. धंदा, फंदा... एकही शब्द तिच्या नावाजवळ शोभेना.

"यंदा रोवणा मुका वाटून राहिला," वहिनी हळूच म्हणाली.

यंदा! मला शब्द सापडला.

"रोवणा आला यंदा, कुठं राहिली कुंदा?"

विमलवहिनीला ते नाव म्हणवलं नाही. बाकीच्या बायकांनी म्हटलं, पार तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू गेलं.

तुमच्या गेलेल्या माणसाचं नाव कोणत्या शब्दाशी जुळतं?