एकवीस दिवस, रोज एक फोटो

चांगल्या कामाचं असंच असतं. काम होतं पसाभर आणि किस्से होतात पोतंभर. आमच्या वस्तीवर पर्यावरणाचं चॅलेंज झालं, त्याला वर्ष होत आलं. त्यातनं पर्यावरणाचं नेमकं किती भलं झालं ते मला सांगता यायचं नाही. मी आपली शिलाई मशीनवाली. पण आजही कुणी ब्लाऊजचं माप द्यायला आलं की "वैशाली, तो नळाचा किस्सा सांग की" म्हणतं, आणि माप राहतं बाजूलाच.

आमची वस्ती कळंबच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. चॅलेंज काढलं अंगणवाडीच्या सुरेखाताईंनी. एकवीस दिवस प्रत्येक घरानं रोज एक चांगली गोष्ट करायची आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा. बाजाराला कापडी पिशवी न्यायची, जवळ जायचं तर चालत जायचं, पाणी वाया घालवायचं नाही, ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचा आणि काही जाळायचं नाही. एका फोटोला एक मार्क. मार्कांची वही सुरेखाताईंकडं.

*

पिशव्या शिवायचं काम माझ्याकडं आलं. जुन्या साड्या, पडद्याचं कापड, नवऱ्याच्या दोन पँटी, जे सापडलं त्याच्या पिशव्या शिवून मी घरोघर वाटल्या. शेजारच्या सरूकाकूंना मुद्दाम चांगली दिली, हिरव्या इरकलीची. काठ वर घेतला, आतनं अस्तर लावलं. काकूंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि डोळ्यांना लावली.

बाजाराच्या दिवशी काकू मेथी घेऊन येताना दिसल्या. हातात प्लॅस्टिकची कॅरीबॅग.

"काकू, मी दिलेली पिशवी कुठं हाय?"

"हाय की. ही काय."

कॅरीबॅगेत मेथीच्या जुडीखाली इरकलीची पिशवी होती, नीट चार घड्या घातलेली.

"एवढी चांगली शिवलीस," काकू म्हणाल्या, "मळंल म्हणून आत ठिवली."

*

आमच्या समोर राहतात ज्ञानूअण्णा. अण्णांच्या घरापासून दूध डेअरी हाकेच्या अंतरावर, पण अण्णा गेली कित्येक वर्षं तिथं मोटारसायकलवरच जातात. चॅलेंज सुरू झालं आणि अण्णांचे रोज सकाळी फोटो यायला लागले. हातात किटली, डोक्याला टॉवेल, रस्त्यानं चालत निघालेले अण्णा. पाठमोरे, बाजूनं, एकदा तर समोरनं हसत. सगळ्यांनी अंगठे दिले. सुरेखाताईंनी तर टाळ्याच टाकल्या.

पाचव्या दिवशी सरूकाकूंनी ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. "फोटू लई ग्वाड येत्यात. पर काढतंय कोण?"

मग उलगडा झाला. अण्णा पुढं चालायचे आणि त्यांची लेक मंगल स्कूटीवरनं मागनं यायची. फोटो काढला की अण्णा किटली घेऊन तिच्या मागं बसायचे.

सुरेखाताईंनी विचारलं तर अण्णा अजिबात वरमले नाहीत. म्हणाले, "ताई, मी चाललो का न्हाय? फोटूत चाललोय न्हवं? फोटूच्या पुढचं तुमी कुठं मागितलंय?"

*

आता तो नळाचा. सुरेखाताईंचे मालक साखर कारखान्यात फिटर. कारखान्यातल्या मोठमोठ्या पाइपांची गळती हा माणूस नुसत्या आवाजावरनं ओळखतो. आणि त्यांच्याच मोरीतला नळ टिपटिप गळायचा.

चॅलेंजच्या पहिल्या दिवशी त्यांनी त्या नळाखाली बादली ठेवली, साठलेलं पाणी जास्वंदीला घातलं आणि फोटो टाकला. एक मार्क. दुसऱ्या दिवशी बादली, जास्वंद, फोटो. तिसऱ्या दिवशी तेच.

अकराव्या दिवशी मी ताईंकडं दोरा मागायला गेले, तर ताई पान्हा घेऊन मोरीत आणि मालक मोरीच्या दारात आडवे.

"आवळा की तो नळ," ताई म्हणत होत्या. "साऱ्या वस्तीला पाणी वाचवा म्हणून सांगती मी."

मालक शांतपणे म्हणाले, "नळ दुरुस्त केला तर एकदाच मार्क. बादली लावली तर रोज एक. नियम कुणी केलाय?"

ताई उठल्या. पान्हा घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "वैशाली, ह्यातलं भाईर बोलायचं न्हाय हं."

मी तसं फार कुणाला सांगितलं नाही.

*

आमचं स्वतःचं घर मात्र कचऱ्यात मागं पडलं. घरात तात्या, म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. सुरेखाताई वही घेऊन आल्या आणि त्यांनी तात्यांनाच गाठलं.

"तात्या, ओला कचरा कशात टाकता?"

"ओला म्हंजी?"

"साली, देठं, भाजीचं निवडलेलं."

"ते म्हस खाती."

"शिळी भाकरी, भात?"

"कोंबड्या."

"बरं, कोंबड्यांची घाण?"

"ती उकिरड्यात, मग रानात."

ताईंनी वहीत बघितलं, आमच्याकडं बघितलं. ओल्या कचऱ्याचा डबा नाही, म्हणजे फोटो नाही, म्हणजे मार्क नाही. सगळ्या वस्तीत त्या रकान्यात शून्य एकट्या आमच्या घराला. मला काही ते बघवेना. मी गपचूप सरूकाकूंकडं गेले आणि वाटीभर वाटाण्याची टरफलं मागून आणली. डब्यात टाकून फोटो काढतच होते, तेवढ्यात तात्या मागनं आले.

"कुणाची टरफलं ही?"

"काकूंची."

तात्या खाली बसले. "सूनबाय, आजवर शेजारनं साखर उसनी आणली, विरजण आणलं. आता कचरा बी उसना आणायचा?"

टरफलं म्हशीनं खाल्ली. शून्य राहिलं.

*

शेवटचा आठवडा पाचटाचा होता. ऊस तुटून गेला की रानात वाळल्या पाल्याचा थर राहतो, ते पाचट. आमच्याकडं ते पेटवून द्यायची सवय. तात्याही पेटवायचे. आदल्या साली त्यांनी पेटवलं, वारं फिरलं आणि जाळ बांध ओलांडून पलीकडच्या भीमराव आबांच्या रानात गेला. बांधालगतची आबांची कागदी लिंबाची सहा झाडं होरपळली. तात्या आणि आबा एका वर्गात शिकलेले, एकाच बैलगाडीतनं लग्नाला गेलेले. त्या दिवसापासनं दोघांचं बोलणं बंद.

चॅलेंजच्या साली आमचा ऊस गेला आणि तात्यांनी पारावर सांगून टाकलं, "मी पाचट जाळणार न्हाय." सगळ्यांना नवल वाटलं. आबांना तर खरंच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फवारणीचा पंप पाण्यानं भरून, पाठीला लावून, बांधावर त्यांच्या लिंबांपाशी येऊन बसले. तोंड आमच्या रानाकडं.

ते बघून तात्याही गेले आणि आमच्या बाजूनं बसले. तोंड दुसरीकडं.

तीन दिवस दोघं असेच बसले. मी दुपारी भाकरी घेऊन जायची. तात्या खायचे. आबांच्या सुनेनं आणलेली आबा खायचे. मध्ये चार हातांचा बांध, पण शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तर रस्त्याकडच्या कोपऱ्यातनं धूर निघत होता. उसाचा ट्रॅक्टर नुकताच गेला होता, त्यावरनं कुणी विडी टाकली असावी. तात्या उठले, कडुलिंबाची फांदी मोडली आणि पळाले. माझ्या हातातली भाकरी खाली पडली. तात्यांच्या पायाखालीच पाला पेट घेत होता आणि ते एकटेच बडवत होते. मी ओरडले.

आबा बांधावरनं उतरले. पंप हापसत, ठेचकाळत, सरळ आमच्या रानात शिरले. एकानं पाणी मारायचं, दुसऱ्यानं फांदीनं बडवायचं. मीही पदर खोचून माती टाकत होते. खळ्याएवढं रान काळं झालं आणि जाळ विझला. तात्यांची एक चप्पल जळाली. आबांच्या भुवया गेल्या.

दोघं धापा टाकत बसून राहिले. मग आबांनी पंप उचलला, आणि बांध ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर टॉवेलात बांधलेली लिंबं. लहान लहान, नऊ-दहा. मी तात्यांना दाखवली. तात्यांनी एक हातात घेतलं, वास घेतला, पुन्हा खाली ठेवलं.

"सरबत कर," म्हणाले.

केलं. तात्यांनी एक घोट घेतला. मग ओसरीवरनं बांधाच्या दिशेला बघत बाकीचं प्यायले.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"आंबट हाय," तात्या म्हणाले, आणि रिकामा पेला पुढं केला. "आन् एक भर. तांब्या बी भरून दे, मला रानात जायचंय. पेलं दोन दे."