आई सोडतच नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही — आणि खोटं तर तिच्याच नावावर खपवलं.

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातली खोट काढायची, लाल टॅग लावायचा, शिव्या खायच्या. हा कुणाची भीड ठेवत नाही, असा माझा लौकिक. म्हणून तर संतोष माझ्याकडे आला ना! संतोष माझा घरमालक, आणि मित्रही. लातूरहून आलो तेव्हा पहिली खोली त्यानंच दिली. कारखान्यांना विकलेल्या जमिनीच्या पैशातून त्यानं एक म्युझिक प्लेअर काढला होता — खिशात मावणारा, आत अभंग-कीर्तनं भरलेला. बाजारात एकाच मोठ्या कंपनीचा प्लेअर चालायचा, त्याला टक्कर द्यायची होती. म्हणाला, "तू क्वालिटीवाला हायेस राव. आठवडाभर बघ, अन् खरं सांग."

मी तो आईला दिला. बटण इतकं कडक, की तिचा अंगठा दुखायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण तासाभराचं कीर्तन मध्येच बंद करून ती भाजी परतायला उठली, की परत लावल्यावर ते पहिल्यापासून सुरू! तिचा जुना, मोठ्या कंपनीचा, जिथं थांबला तिथूनच पुढे वाजायचा. दुसऱ्याच दिवशी आईनं संतोषचा माझ्या हातात ठेवला आणि आपला जुना मागून घेतला.

मग संतोषला हे का नाही सांगितलं? सांगणारच होतो — खरंच होतो का? तो छापून आलेली रंगीत खोकी दाखवत होता, आणि मी म्हणालो, "एक नंबर. आई सोडतच नाही." त्याचा चेहरा उजळला. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

त्याच्या थोरल्या भावानं, दादांनी, मात्र तोंडावर सांगितलं. "आरं, कीर्तन पुन्यांदा पयल्यापासनं लागतंय. तेवढं नीट कर, मग ने बाजारात."

संतोष भडकला. "ह्यो क्वालिटीवाला एक नंबर म्हनतोय! तुला माझं बघवंना व्हय?"

मी तिथंच होतो, दोघांच्या मध्ये. एक वाक्य पुरलं असतं — एकच. मी खोक्यावरची छपाई वाचत राहिलो.

माल तसाच बाजारात गेला, आणि दुकानांतून परत आला. संतोषला अजून वाटतं, दादांनीच दुकानदारांचे कान भरले. सख्खे भाऊ, शेजारी घरं, आणि बोलणं बंद.

परवा संतोषच्या मुलीचं लग्न झालं. दादांना पत्रिकासुद्धा नव्हती. व्याहीभेटीला मुलीच्या चुलत्याला पुकारलं, तेव्हा संतोषनं मला पुढं केलं. "सख्खा उलटला, पर हा पाठीशी ऱ्हायला," असं सगळ्यांदेखत म्हणाला. मी काय केलं? फेटा बांधून घेतला. दादांच्या जागी उभा राहिलो, व्याह्यांना मिठी मारली, फोटोत हसलो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "एवढा मान कशामुळं रे तुला?"

मी म्हणालो, "त्याचा जीव आहे माझ्यावर." तेवढं मात्र खरं आहे.