सुमनअक्काच्या रानातला घाट

रेवणअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळंदच्या बाजारात होतो. फोन त्याच्या मुलाचा होता. "मास्तरकाका, अप्पा गेले. सकाळी चहा पिता पिता..."  मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही, आणि उतरावा असं मलाही वाटत नाही.

आम्ही दोघं खजुरीच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी मास्तर झालो, तो बोअरच्या गाडीवर लागला. या पट्ट्यात त्यानं किती बोअर मारले त्याला गणती नाही, पण प्रत्येक बोअरमधून वर आलेला चुरा त्यानं पुडीत बांधून ठेवला. पुडीवर शेतमालकाचं नाव आणि किती फुटांवर काय लागलं ते. बायको चिडायची, "लोकं धान्य साठवतात, ह्यो माती साठवायलाय." त्या पुड्यांवरून त्याला एक दिवस उमगलं, की काही रानांत काळ्या मातीखाली गुळगुळीत गोटे लागतात, आणि ती सगळी रानं एका रांगेत येतात. म्हणजे कधीकाळी इथून नदी वाहत होती. आज तिथं साधं डबकंही नाही. हे सांगताना हा गडी असा खुलायचा, की ऐकणाऱ्यालाही पायाखाली ओल असल्यासारखं वाटावं.

मग शहरातली मंडळी आली. हजारो वर्षांपूर्वीचा हा मुलूख संगणकावर उभा करायचा आणि लोकांनी डोळ्यांना तो जाडजूड चष्मा लावून त्यात फिरायचं, असं त्यांचं काम. अप्पानं सगळ्या पुड्या त्यांच्यापुढं मांडल्या. मराठी निवेदन वाचायला त्यांनी मला घेतलं. वर्गात कमावलेला आवाज म्हातारपणी कामाला आला म्हणून मीही फुशारलो. लिहून दिलेलं वाचलं. नदी, गवत, हरणं... आणि 'याच वळणावर लोकांनी घाट बांधला, देऊळ उभारलं.' कशावरून, असं मी एकदाही विचारलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी अप्पानं चष्मा लावला आणि दोन मिनिटांत काढला. "मी गोटे काढले. घाट कवा काढला?" त्यानं तिथल्या साहेबाला विचारलं. "आन् नदी सुमनअक्काच्या रानात कशी वळली? तिथं सहा फुटाला काळा पाषाण हाय, गोटा एक न्हाई. मी सोता बोअर मारलाय." साहेब हसला. तिथं वळण छान दिसतं म्हणाला, आणि नुसती नदी बघायला लोक येत नाहीत.

लोक आले. चष्मा काढून थेट सुमनअक्काच्या रानात येऊ लागले. सुमनअक्का बौद्ध घरातली, नवऱ्यामागं तीन एकर तूर एकटीनं पिकवणारी. तिच्या बांधावरच्या दगडाला कुणी शेंदूर फासला, कुणी नारळ फोडले, येता-जाता उभी तूर तुडवली. मग गावातलीच चार माणसं येऊन तिला म्हणाली, "अक्का, जागा देवळाची हाय, सोडून दे." कशावरून? तर यंत्रात दिसतंय.

अप्पा तिच्या रानाची पुडी खिशात घालून कलबुर्गीच्या सरकारी कचेरीत खेटे घालू लागला. कुणी पुडी उघडूनसुद्धा बघितली नाही. एकदा परतताना माझ्याकडं आला. घाम पुसत म्हणाला, "मास्तर, तुझा आवाज तरी काढून घे. लोकं चित्रापेक्षा तुझं ऐकायलेत."

मी म्हणालो, "जाऊ दे अप्पा, चित्रच तर हाय. कामून एवढा जीव जाळायलास?"

तो चहा न घेता उठला... ती आमची शेवटची भेट. त्या वेळी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर त्या मंडळींनी मला फोन करून दुःख व्यक्त केलं. घाटाला रेवणअप्पाचं नाव द्यायचं ठरलंय, नवीन दोन वाक्यं वाचायला मी यावं! त्यावर मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. माझा आवाज काढून टाका म्हणालो, तर उत्तर मिळालं, सही करून दिलेला आवाज आता त्यांचा आहे.

परवा त्याच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. पुड्या भिंतीलगत तशाच रचलेल्या. खिडकीत त्याचं चुरा बघायचं भिंग पडलेलं, त्याच्या काचेवर अंगठ्याचा ठसा. सुमनअक्का तिथं जमिनीवर बसली होती. मला बघून उठली नाही.

"अप्पा एकटाच माझ्या बाजूनं बोलायचा, गुरुजी," ती म्हणाली. "आता कोन बोलल?"

रविवारी मी तिच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. एक कुटुंब नारळ घेऊन आलं. मी त्यांना सांगितलं, इथं घाट नव्हता, देऊळ नव्हतं, नदीसुद्धा नव्हती. त्यांच्यातल्या बाईनं माझ्याकडं निरखून पाहिलं. चेहरा नाही, आवाज ओळखीचा वाटला असावा.

"व्हता म्हणून तुम्हीच सांगितलंत की," ती म्हणाली, आणि तिनं नारळ दगडावर आपटला.