मानाचा बैल आणि रक्तातली रेघ

रक्त पाहून जनावराची जात सांगतो, ही थाप मी कुहीकडच्या एका गावात मारली तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि गळ्यात स्टेथॉस्कोप होता. त्याचं तिथे काहीच काम नव्हतं. शोभायचा.

नागपुरात मी जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होतो. आपली पांढरी गौळाऊ जात रक्तातल्या खुणांवरून इतर जातींपासून वेगळी काढता येते का, हा माझा विषय. एका म्हाताऱ्याच्या बैलाच्या मानेतून नळीभर रक्त काढत होतो. पोळ्याला तोरणाखाली पहिलं उभं राहायचा मान त्याच्या जोडीचा, कारण जोडी अस्सल गौळाऊ.

कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला, "अस्सल कायची गा? याची माय तं बाजारातली!"

"तुह्या जिभेले हाड हाय का नाही?" म्हातारा उसळला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, आता तुमीच सांगा."

"पोळ्याच्या आत सांगतो!" मी म्हणालो. कोणी विचारलं होतं हो मला?

परत आलो तो पायाला भिंगरी लावून. बटाट्याच्या स्टार्चची खळ शिजवायची, साच्यात थिजवायची, कडेला रक्ताचे थेंब ठेवून वीज सोडायची. मग रक्तातली प्रथिनं त्या खळीतून सरकतात, आपापल्या जागी थांबतात आणि रंग दिला की रेघा दिसतात. त्या सरकत होत्या गोगलगाईसारख्या, मी व्हरांड्यात वाघासारखा. चार वेळा चहा झाला. पाचव्यांदा टपरीवाल्यानं नुसतंच पाहिलं.

अखेर रेघ उमटली. धावत माझ्या मार्गदर्शक सरांकडे नेली. "सर, ही गौळाऊचीच ना?"

"हीच रेघ शेजारच्या मुलखातल्या जातींतही सापडते. कुठे जास्त, कुठे कमी, एवढाच फरक. अख्खा कळप तपास, मग बोल. एका बैलावरून जात सांगायला तू काय ज्योतिषी आहेस?"

पोळा परवावर आला होता. एसटीत मी तीन भाषणं तयार केली. गावात उतरलो तेव्हा एकही आठवेना. अर्धं गाव जमलेलं. जसं होतं तसं सांगून टाकलं.

शेजारी टाळी देत हसला. "घ्या! साहेबाले काईच समजत नाही!"

म्हातारा हातातलं दावं पिळत उभा होता. "म्हणजे साऱ्याच बैलांचं रक्त लागते?"

"हो."

त्यानं शेजाऱ्याकडे बोट केलं. "मंग याच्या जोडीपासून सुरू करा. घ्या, पहिला मान याचा!"

"माह्या बैलाले काहून टोचता?" म्हणत शेजाऱ्यानं आपली जोडी घराकडे अशी पिटाळली की धूळ बसेपर्यंत गाव हसत होतं. मान कोणाचा, हे मग कोणी विचारलं नाही.

म्हातारा मला बसपर्यंत सोडायला आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "तुमी गेल्यापासून घास उतरून नव्हता राहिला, साहेब. याची माय खरंच बाजारातली. त्या रेघेत दिसली तं नाही न ते?"

"नाही दिसत, बाबा," मी म्हणालो. या खेपेला थाप मारावी लागली नाही.